पुटपुटीचा मागोवा

भिलाईच्या वैशाली नगरातल्या एखाद्या मराठी घरात दुसरी-तिसरीतले मूल बेरजेला बसले की त्याचे ओठ हलू लागतात. सत्तेचाळीस अधिक अडतीस. "सात आणि आठ पंधरा. पंधराचे पाच. हातचा एक." पेन्सिल क्षणभर थांबते. "चार आणि तीन सात... थांब, हातचा. आठ." शेजारच्या हिंदी घरातले मूल हेच "हासिल एक" म्हणत करते. आई आतून विचारते, "कुणाशी बोलतोयस रे?" उत्तर येते, "कुणाशीच नाही."

मुलाच्या त्या पुटपुटीत दोन वेगळी कामे चाललेली असतात. पहिले काम सांभाळण्याचे आणि थोपवण्याचे. हातचा लक्षात धरून ठेवायचा, घाईने पुढचा आकडा लिहू पाहणारा हात रोखायचा, एककाचा हिशेब सोडून दशकाकडे वळायचे. मानसशास्त्रात याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन, म्हणजे कार्यकारी क्षमता म्हणतात. दुसरे काम स्वतःवर लक्ष ठेवण्याचे. हातचा धरला का मी? हे उत्तर बरोबर दिसत नाही. ही बेरीज मला येते, ती वजाबाकी येत नाही. हे मेटाकॉग्निशन, आपल्याच विचाराविषयीचा विचार. सोयीसाठी पहिल्याला इथे 'आवर' म्हणू आणि दुसऱ्याला 'नजर'.

शिक्षणावरच्या आजच्या पुस्तकांत ही दोन नावे शेजारी-शेजारी येतात, आणि ती एकाच घरची असावीत असे वाटते. प्रत्यक्षात एक कल्पना डोक्याला जखम झालेल्या रुग्णांच्या खाटेपाशी वाढली, दुसरी स्मरणशक्तीच्या प्रयोगांत. कित्येक दशके त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नव्हती. पण दोन्हींच्या कुळात मागे मागे जात राहिले की एका ठिकाणी तेच दृश्य भेटते: काम करताना स्वतःशी पुटपुटणारे मूल. त्या पुटपुटीचा हा मागोवा आहे. तो घ्यायचा कारण हे ओठ लवकरात लवकर मिटवणे हेच आपल्या शाळांना शिस्तीचे पहिले लक्षण वाटते.

जिनिव्हा आणि मॉस्को

मुले एकटीच बोलतात हे आयांना नेहमीच माहीत होते. विज्ञानाच्या दप्तरी त्याची ठळक नोंद झाली ती १९२३ मध्ये. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी जिनिव्हातल्या एका बालशाळेत सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घेतले आणि त्यावर पुस्तक लिहिले. बरेचसे बोलणे कुणालाच उद्देशून नव्हते. पियाजे यांनी त्याला आत्मकेंद्री भाषण म्हटले. मुलाला अजून दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहता येत नाही, म्हणून ते असे बोलते. समज वाढली की हे बोलणे गळून पडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या हिशेबात पुटपुट म्हणजे अपक्वतेची खूण.

हे पुस्तक मॉस्कोत लेव्ह व्हिगोट्स्की यांच्या हाती पडले. पियाजे आणि व्हिगोट्स्की दोघेही १८९६ चे. व्हिगोट्स्कींनी एक साधी युक्ती केली. मुलांना चित्र काढायला बसवले आणि मध्येच अडचण निर्माण केली: हवी ती रंगीत पेन्सिल नाही, कागद नाही. पुटपुट जर निरुपयोगी असेल, तर अडचणीने ती वाढायचे कारण नव्हते. ती जवळजवळ दुप्पट झाली. मूल म्हणू लागले की पेन्सिल कुठे गेली, निळी नाही, मग लालने काढतो, वर पाणी लावतो म्हणजे गडद दिसेल. हे बोलणे कामाच्या मदतीला आलेले होते.

त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. लहान मूल आधी चित्र काढते आणि नंतर त्याला नाव देते. थोडे मोठे मूल काढता काढता बोलते. त्याहून मोठे आधी सांगते आणि मग काढते. बोलणे कामाच्या शेपटाकडून डोक्याकडे सरकते, आणि तिथे पोचले की त्याचे रूपांतर योजनेत होते. म्हणून व्हिगोट्स्कींच्या मते पुटपुट गळून पडत नाही, ती आत जाते. आधी मोठी माणसे मुलाला म्हणतात, "थांब, नीट बघ." मग मूल तेच स्वतःला मोठ्याने म्हणते, नंतर कुजबुजत, शेवटी मनात. आपण ज्याला 'मनात विचार करणे' म्हणतो त्याचा बराच भाग एकेकाळी कुणाचा तरी आवाज होता.

व्हिगोट्स्की १९३४ मध्ये क्षयाने गेले, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. 'विचार आणि भाषा' हे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात निघाले. दोनच वर्षांत, १९३६ मध्ये, सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने बालविकासाच्या या साऱ्या अभ्यासशाखेविरुद्ध ठराव केला आणि त्यांचे लिखाण दडपले गेले. ते पुन्हा छापले गेले १९५६ मध्ये.

भिलाईच्या वाचकाला ही तारीख जवळची वाटेल. इथल्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. पण नागपूरकडून इकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांची वाट बंद झाली नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. म्हणजे सोव्हिएत अभियंते इथे भट्टी उभारत होते त्याच वर्षांत त्यांच्या देशात व्हिगोट्स्की पुन्हा वाचले जाऊ लागले होते. भट्टीचे तंत्र भिलाईत आले आणि सेक्टरांच्या आत-बाहेर सगळे शहर त्यावर उभे राहिले. मुलांच्या मनाविषयीचे हे दुसरे ज्ञान मात्र त्या मैत्रीच्या वाटेने आले नाही. 'विचार आणि भाषा' १९६२ मध्ये इंग्रजीत आले, तेही संक्षेपाने, आणि आपल्याकडे पोचले ते अमेरिकेचा वळसा घालून.

रबरी फुग्याचा प्रयोग

व्हिगोट्स्कींचे सहकारी अलेक्सांद्र लुरिया यांनी हा धागा जिवंत ठेवला आणि त्याला मोजमाप दिले. त्यांच्या प्रयोगात मुलाच्या हातात दाबायचा रबरी फुगा असे आणि समोर दिवा. "दिवा लागला की दाब." दोन वर्षांच्या आसपासचे मूल वाक्य ऐकताच दाबते, दिवा लागण्याची वाट पाहत नाही. "आता दाबू नकोस" म्हटले तर उलट जोराने दाबते. शब्दाने त्याची कृती सुरू करता येते, थांबवता येत नाही. तीन-साडेतीन वर्षांचे मूल दिवा लागल्यावर स्वतःच "दाब" म्हणाले तर नेमके दाबते. पण "दाबू नको" असे स्वतः म्हणतानाही त्याचा हात दाबतोच. आवाज पोचला, अर्थ अजून पोचलेला नाही. पुढे चार-पाच वर्षांकडे शब्दाचा अर्थ हाताला थोपवू लागतो, आणि मग मोठ्याने बोलायची गरज उरत नाही.

आपल्या अंगणातल्या खेळांनी ही परीक्षा फार आधीपासून घेतलेली आहे. "चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड" या खेळात म्हशीला बोट जमिनीवरच ठेवायचे असते. 'तळ्यात-मळ्यात'मध्ये शब्दाचा अर्थ लागेपर्यंत पाय रोखून धरायचे असतात. 'स्टॅच्यू' म्हटले की आहे तसे थांबायचे असते. छत्तीसगढी गल्लीत याच जातीचा 'नदी-पहाड' आहे. प्रयोगशाळेतली आवराची मोजमापे या खेळांची सख्खी भावंडे शोभतील. आणि या खेळांत नजरही लागते. म्हशीला बोट उचलणारे मूल पुष्कळदा कुणी "आऊट" म्हणायच्या आत स्वतःच जीभ चावते.

लुरियांचा दुसरा अनुभव युद्धातला होता. दुसऱ्या महायुद्धात उरलमधल्या रुग्णालयात त्यांनी मेंदूला गोळी किंवा छर्रे लागलेल्या सैनिकांवर उपचार केले. कपाळामागचा भाग, म्हणजे अग्रखंड, जखमी झालेल्या माणसांत एक विचित्र गोष्ट दिसे. त्यांना सूचना समजत होती, ती ते बिनचूक म्हणूनही दाखवत, पण ती पाळता येत नसे. आणि आपण चुकलो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. अग्रखंडाच्या जखमेने माणूस बदलतो हे त्याआधी बऱ्याच वर्षांपासून माहीत होते. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, बोलता-चालता राहिला, पण त्याचे डॉक्टर हार्लो यांच्या नोंदीप्रमाणे त्याच्या स्वभावातला तोल गेला. लुरियांनी त्या हरवलेल्या तोलाचे घटक मांडले. १९७३ च्या 'द वर्किंग ब्रेन' या पुस्तकात त्यांनी मेंदूच्या तीन मोठ्या विभागांपैकी तिसऱ्याचे काम सांगितले ते असे: कृतीची आखणी, तिचे नियमन आणि तिची पडताळणी.

हे तीन शब्द या सगळ्या मागोव्याच्या मध्यावर आहेत. आखणी आणि नियमन म्हणजे आवर, पडताळणी म्हणजे नजर. लुरियांच्या मांडणीत ती दोन्ही एकाच घरात नांदत होती. वाटणी पुढे झाली.

वाटणी

पहिल्या घराने कचेरीची भाषा घेतली. अमेरिकेतले मेंदूविशारद कार्ल प्रिब्रम लुरियांचे मित्र. १९७३ मध्ये दोघांनी मिळून अग्रखंडावरचा ग्रंथ संपादित केला, आणि प्रिब्रम अग्रखंडाच्या कामाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हणू लागले होते. १९७४ मध्ये इंग्लंडच्या ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी कार्यस्मृतीची कल्पना मांडली. माहिती थोडा वेळ धरून ठेवणारे कप्पे आणि त्यांवर देखरेख करणारा एक 'सेंट्रल एक्झिक्युटिव्ह'. हातचा धरून ठेवण्याचे काम याच व्यवस्थेचे. सन २००० मध्ये अकिरा मियाके आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या चाचण्यांतून आवराचे तीन घटक वेगळे केले: मनाची ओढ थोपवणे, एका नियमावरून दुसऱ्यावर वळणे, आणि मनातली माहिती सतत ताजी ठेवणे. तिन्ही वेगळे, तरी एकमेकांशी जोडलेले.

मुलांच्या बाबतीत यातला सर्वात बोलका प्रयोग फिलिप झेलाझो यांचा, १९९० च्या दशकातला. मुलांना रंगीत चित्रांची कार्डे आधी रंगाप्रमाणे वेगळी करायला सांगतात, मग आकाराप्रमाणे. तीन वर्षांच्या मुलाला विचारा, "आकाराच्या खेळात ससा कुठे जातो?" ते बरोबर जागा दाखवते. हातात कार्ड दिले की मात्र जुन्याच नियमाने, रंगाप्रमाणे टाकते. कळते पण वळत नाही ही म्हण आपण मोठ्यांना उद्देशून वापरतो. तीन वर्षांच्या वयात ती विकासाची पायरी असते. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले ती ओलांडतात.

दुसरे घर अमेरिकेतल्या जॉन फ्लेव्हेल यांचे. १९६३ मध्ये पियाजेंवर मोठे पुस्तक लिहून त्यांनी इंग्रजी जगाला पियाजे समजावून दिले होते. १९६६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला प्रयोग आपल्या कथेतला कळीचा आहे. पाच, सात आणि दहा वर्षांच्या मुलांना काही चित्रे दाखवली आणि त्यातली काही क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली. मधल्या पंधरा सेकंदांत मुलाच्या डोक्यावरच्या खेळण्यातल्या शिरस्त्राणाची झडप डोळ्यांवर ओढली जाई. ओठ उघडे राहत, आणि ओठ वाचायला शिकलेला एक संशोधक ते पाहत बसे. पाच वर्षांच्या वीस मुलांपैकी दोघांचेच ओठ हलले, सात वर्षांच्या बारा जणांचे, दहा वर्षांच्या सतरा जणांचे. लहान मुलांना चित्रांची नावे येत होती. ती स्वतःशी घोकली तर लक्षात राहतील हे सुचत नव्हते. साधन हाताशी असून ते आता वापरावे हे न सुचणे: इथून 'नजरे'चा शोध सुरू झाला. तो सुरू झाला तोही हलणाऱ्या ओठांपासून.

१९७० मध्ये फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना विचारले, "यातली किती चित्रे तुझ्या लक्षात राहतील?" बालवाडीतली पुष्कळ मुले म्हणाली की दहाच्या दहा. प्रत्यक्षात त्यांच्या लक्षात फार कमी राहिली. चौथीतल्या मुलांचा अंदाज बराच जवळ आला. फ्लेव्हेल यांनी आधी या जाणिवेला स्मृतीपुरते नाव दिले आणि १९७९ च्या एका लेखात सगळ्या विचारव्यापारापर्यंत ते विस्तारले. त्याच सुमारास एलन मार्कमन यांनी मुलांना खेळाचे मुद्दाम अर्धवट ठेवलेले नियम सांगितले. पहिलीतली मुले "समजले" म्हणत राहिली. खेळायला बसल्यावर त्यांना कळले की काहीच समजलेले नाही. आपल्या वर्गातला "समजलं का?" या प्रश्नाला एकसुरात येणारा होकार कुठून येतो, त्याचे उत्तर या प्रयोगात आहे.

वाटणीचा सर्वात ठळक प्रसंगही १९७० चाच. फ्लेव्हेल आणि दोन सहकाऱ्यांनी लुरियांचा रबरी फुग्याचा प्रयोग अमेरिकन मुलांवर करून पाहिला. स्वतःला मोठ्याने सूचना दिल्याने आवर सुधारतो हे त्यांना आढळले नाही. हा निकाल प्रामाणिक होता आणि उपयोगाचाही. त्यातून दिसते की ठरावीक क्षणी ठरावीक शब्द मुलाच्या तोंडी घातला म्हणून काम होत नाही. व्हिगोट्स्कींनी पाहिलेली पुटपुट मुलाच्या स्वतःच्या अडचणीतून उठली होती, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

सोयरीक

दोन्ही घरांमधली भिंत पातळ झाली १९९० मध्ये. थॉमस नेल्सन आणि लुई नारेन्स यांनी मेटाकॉग्निशनची एक साधी आकृती मांडली. खाली चाललेले काम, वर त्याचे मनातले चित्र, आणि दोघांमध्ये दोन बाण. खालून वर जाणारा बाण खबर नेतो की हे मला येत नाही. वरून खाली येणारा हुकूम आणतो की मग पुन्हा वाच. खबर म्हणजे नजर. हुकूम पाळला जायचा तर आवर लागतो. ज्याला खबर मिळाली पण हात थांबवता येत नाही, त्याची नजर वाया जाते. ज्याला हात थांबवता येतो पण खबरच मिळत नाही, ते मूल कुणीतरी थांबवण्याची वाट पाहत राहते.

पुढच्या पंचवीस वर्षांत संशोधकांनी दोन्ही क्षमता त्याच मुलांत मोजायला सुरुवात केली. २०१५ मध्ये डॉना ब्राइस, डेव्हिड व्हाइटब्रेड आणि डेनेश सूच यांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही क्षमतांमध्ये नाते दिसले आणि ते लहान वयात अधिक घट्ट होते. त्यांचा अर्थ असा की आवर ही नजरेची गरज आहे, पण आवर आला म्हणून नजर आपोआप येत नाही. २०१७ मध्ये बर्नच्या क्लाउडिया रोबर्स यांनी दोन्ही परंपरा एका आराखड्यात मांडून दाखवल्या. दोन्ही हळूहळू पिकतात, दोन्ही अग्रखंडाशी निगडित आहेत, दोन्ही स्वतःला सांभाळण्याच्या एकाच मोठ्या कामाचे भाग आहेत.

पण आधी आवर आणि मग नजर, अशी सरळ शिडी मांडायचा मोह टाळला पाहिजे. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर एक सुंदर प्रयोग झाला. खेळणे कुठे लपवले ते बाळाने बोटाने दाखवायचे. मात्र काही बाळांना आईकडे पाहून मदत मागता येते हे आधी दाखवून दिले होते. लपवल्यावर जितका जास्त वेळ जाई, आठवण जितकी पुसट होई, तितकी ही बाळे आईकडे जास्त वळत. दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या बाळाला आपल्याला खात्री नाही याची काहीतरी जाणीव असते. नजरेचा कोंब फार लवकर फुटतो. तिला शब्द मिळायला आणि त्या शब्दांनी कामाची दिशा बदलायला पुढची कित्येक वर्षे लागतात, आणि त्याच वर्षांत मुले सर्वात जास्त पुटपुटतात.

दादर, बोर्डी, कोसबाड

या कुळाची एक शाखा आपल्या भाषेतही आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या गाभ्यातल्या आहेत. एक शांततेचा खेळ. एकदा त्यांनी चार महिन्यांची मुलगी वर्गात आणली आणि मुलांना म्हटले, बघा ही किती स्तब्ध आहे. मुले तिच्यासारखी स्तब्ध व्हायचा प्रयत्न करू लागली. पुढे माँटेसरी दूर उभ्या राहून कुजबुजत एकेकाचे नाव घेत, आणि ते मूल पावलांचा आवाज न करता उठून जाई. उरलेले आपली पाळी येईपर्यंत स्वतःला धरून बसत. दुसरी गोष्ट चूक दाखवून देणारे साहित्य. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत दट्टे बसवायचे. एक चुकला तर शेवटी एक दट्टा उरतो आणि भोक जुळत नाही. बाईंनी काही बोलायचे नाही, मुलाने स्वतःच पाहायचे. पहिल्यात आवर पिकतो, दुसऱ्यात नजर. ही नावे अजून जन्मली नव्हती तेव्हा दोन्ही एकाच खोलीत होती.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे गेल्या, गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उघडले. त्याच दशकाच्या शेवटी, १९३९ मध्ये, माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. आणि १९४५ मध्ये ताराबाई शहर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वाड्यांत गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

तिथे महागडे लाकडी दट्टे परवडणारे नव्हते. त्यांची जागा बिया, शिंपले, खडे, पाने यांनी घेतली. हा बदल खर्चापुरता नव्हता असे मला वाटते. घडवलेल्या दट्ट्याची चूक भोकच दाखवते. चिंचोके लहान-मोठे लावताना चूक दाखवायला भोक नसते. मुलाला मागे सरून सगळी रांग पाहावी लागते, दोन चिंचोके हातात घेऊन ताडून पाहावे लागतात, आणि "नाही, हा याच्या आधी" असे स्वतःलाच सांगावे लागते. सामान साधे झाले तेव्हा पडताळणीचे जास्त काम मुलाकडे गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. त्यांच्या मागे कोसबाडच्या त्या प्रयोगाचा मोठा वारसा आहे. आज छत्तीसगढच्या वस्त्यांमधली अंगणवाडीही त्या वारशाची वाटेकरी आहे.

माँटेसरी पद्धतीला आधुनिक मोजमाप मिळाले ते शंभरीच्या तोंडावर. २००६ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी मिलवॉकीतल्या मुलांचा अभ्यास केला. सोडतीत माँटेसरी शाळेत प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली, अशा मुलांची ती तुलना होती. पाच वर्षांची माँटेसरी मुले आवराच्या चाचणीत पुढे होती.

मराठी घर, हिंदी गल्ली, इंग्रजी वही

आता वैशाली नगरकडे वळू. इथले मराठी मूल घरी एका भाषेत ओरडा खाते, गल्लीत दुसरीत खेळते आणि वहीत तिसरी लिहिते. अनेक भाषा बोलणाऱ्या मुलांचा आवर जास्त पक्का असतो, असे मत काही वर्षे जोरात होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या साडेचार हजारांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात तसा फायदा दिसला नाही. तेव्हा भाषांच्या संख्येतून गुण मोजण्यात अर्थ नाही. पण पुटपुटीच्या इतिहासातून एक वेगळी गोष्ट निघते. मोठ्यांचा आवाज आत जाऊन मुलाचा विचार होत असेल, तर मुलाला अडचणीत जी भाषा सुचते ती त्याला वापरू द्यायला हवी. इंग्रजीतले गणित सोडवताना मूल "हातचा एक" म्हणत असेल तर ते इंग्रजीत मागे आहे असे समजून त्याला अडवू नये. त्या क्षणी ते स्वतःला सांभाळते आहे.

भिलाई अभ्यासाचे आणि स्पर्धा परीक्षांचे शहर आहे. कारखान्याच्या शाळांनी ती सवय लावली आणि शिकवणी वर्गांनी ती वाढवली. अशा शहरात आवर फार लवकर मागितला जातो: हात बांधून बसा, आवाज नको, ओठ हलवू नका, मनात वाचा. शिस्त वाईट असे मला म्हणायचे नाही. शांततेचा खेळही शांतताच मागतो. पण त्या खेळातली शांतता मूल स्वतः धरते आणि आपण ती धरतो आहोत हे त्याला ठाऊक असते. फक्त बाईंच्या डोळ्यांच्या धाकाने धरलेली शांतता बाई वर्गाबाहेर गेल्या की संपते, कारण नजर बाईंचीच होती, मुलाकडे कधी आलीच नाही.

आवर विश्वासावरही उभा असतो. स्टॅनफर्डच्या बालशाळेत वॉल्टर मिशेल यांनी केलेला मार्शमेलोचा प्रयोग प्रसिद्ध आहे: आत्ता एक खा, किंवा थांबलास तर दोन. त्यावरून थांबणाऱ्या मुलांचे पुढे भले होते असे पसरले. २०१८ मधल्या मोठ्या पाहणीत हे नाते बरेच क्षीण निघाले, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तर फारसे उरलेच नाही. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग करण्याआधी मुलांना दिलेला शब्द पाळला किंवा मोडला. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, मोडला गेलेली सुमारे ३ मिनिटे. आवर हा एकट्या मुलाच्या डोक्यातला स्नायू नाही. मोठ्यांनी दिलेला शब्द पाळण्यातूनही तो वाढतो.

मग करायचे काय? याचे उत्तरही या कुळातच आहे. १९७१ मध्ये डोनाल्ड मायकेनबॉम आणि जोसेफ गुडमन यांनी उतावळ्या मुलांसाठी पाच पायऱ्या आखल्या. आधी मोठे माणूस मोठ्याने विचार करत काम करून दाखवते, चूक करते आणि ती सुधारतेही. मग मूल तेच काम मोठ्यांच्या सूचनांवर करते. मग स्वतः मोठ्याने बोलत, मग कुजबुजत, मग मनात. व्हिगोट्स्कींनी सांगितलेला आवाजाचा आत जाण्याचा प्रवास त्यांनी पद्धतीत बसवला. यासाठी ॲप लागत नाही. लागते ते एवढेच की बाईंनी फळ्यावर गणित सोडवताना "इथे मी हातचा विसरले बघा, थांबा, परत बघते" असे खरेच म्हणावे. वहीत उत्तर लिहिल्यावर मुलाने खात्री आहे तिथे एक खूण आणि नाही तिथे दुसरी खूण करावी. पाठांतराआधी विचारावे, "यातले किती आठवेल तुला?" आणि नंतर मुलानेच आपला अंदाज ताडून पाहावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात मुलाच्या स्वतःच्या मूल्यमापनाला जागा द्यायला सांगितले आहे. ती जागा शिक्षकांनी किंवा आई-बाबांनी भरून टाकली तर ती कागदावरच राहील.

शंभर वर्षांत या विषयाने बरीच वळणे घेतली. पियाजेंनी पुटपुटीत अपक्वता पाहिली, व्हिगोट्स्कींनी त्यात घडणारा विचार पाहिला, लुरियांनी त्यातून आवर मोजला, फ्लेव्हेल यांनी त्यातून नजर शोधली. दोन्ही क्षमतांची नावे वेगळी पडली तरी मुलामध्ये त्या कधीच वेगळ्या नव्हत्या. "थांब, हातचा" या दोन शब्दांत 'थांब' हा आवर आहे, 'हातचा' ही नजर आहे, आणि दोन्ही त्याच मुलाच्या तोंडून निघालेले आहेत. ते शब्द कुणी म्हणायला लावलेले नाहीत, आणि कुणी गप्प करायचीही गरज नाही. वय वाढेल तशी पुटपुट आपणहून आत जाते. तोवर वर्गात आणि घरात तिला जागा ठेवणे हे शिक्षकांचे आणि आई-वडिलांचे काम आहे.